फायबर होडीवर जिवंत आमिषाची काढता-घालता येणारी टाकी : शापोरा नदीवरील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गोव्यातील पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या उत्तर तीरावर राहणाऱ्या एका कुटुंबाकडे सुमारे वीस फूट लांबीची फायबरची होडी आहे. तिच्या पिछाडीला ९.९ अश्वशक्तीचे, आखूड शाफ्टचे, दोरी ओढून चालू करायचे इंजिन लावलेले असते. आठवडाभर ही होडी पुतण्याच्या ताब्यात असते आणि तो तिच्यावरून जाळी टाकतो. रविवारी व सुट्टीच्या दिवशी काका, म्हणजे मूळ होडीमालक, गळाने मासेमारी करण्यासाठी तीच होडी घेऊन नदीच्या मुखाकडे जातात. ओळख उघड होऊ नये म्हणून या लेखात त्यांचा उल्लेख होडीमालक आणि पुतण्या असाच केला आहे. टाकीची मापे ठरविण्यापासून चाचण्यांपर्यंतच्या बहुतेक टप्प्यांवर मी उपस्थित होतो.

होडीमालकांचे लक्ष मुख्यतः चोणक (जिताडा) आणि तांबोशी या दोन माशांवर असते. हे दोन्ही मासे खारफुटीच्या मुळांपाशी, खडकांच्या आडोशाला आणि पुलाच्या खांबांजवळ दबा धरून राहतात आणि हालणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतात. त्यामुळे गळाला जिवंत सुंगट (कोळंबी) किंवा शेवटा जातीचा लहान मासा लावणे हा या भागातला रूढ प्रकार आहे. सुंगटे मिळतात ती खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या, मानशीवर (बांधातील पाण्याच्या दारावर). मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला खाजनातले पाणी बाहेर पडू लागले की उघडतात. त्या वाहत्या पाण्याबरोबर येणारी सुंगटे जाळ्यात धरली जातात. होडीमालक पहाटे मानशीच्या ठेकेदाराकडून ती विकत घेत आणि बादलीत घालून होडीवर नेत.

नेमकी अडचण

सकाळी नऊपर्यंत सारे ठीक असे. त्यानंतर बादलीतली सुंगटे एकेक करून वर येऊ लागत, उड्या मारत आणि पुन्हा तळाशी जात. निरोगी सुंगटाचे शरीर काचेसारखे आरपार दिसते आणि पोटाखालचे पोहण्याचे पाय एका लयीत हलत राहतात. बिघाड सुरू झाला की शेपटीकडचे मांस आधी धूसर आणि मग दुधासारखे पांढरे होते. एकदा ते पांढरे झाले की पाणी बदलूनही सुंगट सहसा सावरत नाही. दुपारची भरती येईपर्यंत, म्हणजे मासा खऱ्या अर्थाने लागण्याच्या वेळी, बादलीत बहुतेक मेलेले आमिष उरत असे.

होडीमालकांनी यावर बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप आणला. त्याने तासभराचा फरक पडला, अधिक नाही. त्यांचा निष्कर्ष असा होता की पंप कमी ताकदीचा आहे. येथे पहिला निर्णयबिंदू आला. दुसरा मोठा हवेचा पंप घेण्याआधी बादलीत नेमके काय बिघडते हे तपासावे, असा आग्रह मी धरला.

बादलीत एकाच वेळी तीन गोष्टी बिघडत होत्या. पहिली प्राणवायूची. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांच्या पूर्ण खाऱ्या पाण्यात ही मर्यादा जेमतेम ६.२ मिलिग्रॅमवर येते. दुसरी उष्णतेची. उन्हात ठेवलेल्या पंधरा लिटर पाण्याचे तापमान झपाट्याने चढते, आणि पाणी तापले की सुंगटाची प्राणवायूची गरज वाढते, नेमकी पाण्याची तो धरून ठेवण्याची क्षमता घटत असताना. तिसरी अमोनियाची. सुंगटे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तो साचत जातो, आणि पाणी जितके उष्ण तितका त्याचा विषारी अंश अधिक. हवेचे बुडबुडे यांपैकी पहिल्या अडचणीवर उपाय करतात, दुसरीवर आणि तिसरीवर नाही. ताजे पाणी सतत येत-जात राहिले तर तिन्ही एकदम आटोक्यात येतात. म्हणजे हवा वाढविण्याऐवजी पाणी वाहते करणे आवश्यक होते.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे होडीच्या बाजूने पाण्यात सोडलेली जाळीची टोपली. नांगर टाकून एका जागी बसणाऱ्यासाठी ती उत्तम आहे, कारण नदीइतके चांगले पाणी कोणतीही टाकी देऊ शकत नाही. परंतु होडीमालक एका जागी बसत नाहीत. मानशीपासून चोपडे-शिवोली पुलाखालून मुखापर्यंत ते जागा बदलत जातात, प्रत्येक वेळी टोपली वर घ्यावी लागते आणि आमिष पुन्हा बादलीतच येते.

दुसरा पर्याय होडीत कायमची बांधीव टाकी बसविण्याचा. फायबरचे काम करणाऱ्या कारागिराने तशी तयारी दाखविली होती. होडीमालकांचा कल सुरुवातीला याच बाजूला होता. पुतण्याने मात्र एकच प्रश्न विचारला : “काका, टाकी होडीतच राहणार असेल, तर मी जाळे कुठे टाकू?” हा प्रश्न केवळ जागेचा नव्हता. जाळे ओढताना होडीच्या मधल्या भागात एकही कोपरा, खिळा किंवा नळी वर आलेली चालत नाही. जाळे अडकले की फाटते, आणि भर ओहोटीत अडकले तर होडीच आडवी होते. शिवाय बांधीव टाकीसाठी होडीला पाण्याखाली किंवा पिछाडीच्या फळीला भोक पाडावे लागले असते. या फळीत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवुड असते. भोकाच्या कडेतून एकदा पाणी आत शिरले की ते प्लायवुड बाहेरून दिसणारही नाही अशा रीतीने कुजत जाते, आणि इंजिनाचा सारा भार त्याच फळीवर असतो.

म्हणून दोघांनी मिळून अट ठरविली : होडीला एकही भोक पाडायचे नाही, आणि रविवारी संध्याकाळी सारे साहित्य उचलून घरी नेता आले पाहिजे. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता, कारण पुढची प्रत्येक गोष्ट, टाकीच्या उंचीपासून पंपाच्या जागेपर्यंत, याच अटीतून ठरत गेली.

टाकी आणि निचरा

टाकीसाठी दोनशे लिटरचे निळे प्लास्टिकचे पिंप निवडले आणि त्याचा खालचा, सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीचा भाग कापून घेतला. चौकोनी शीतपेटी सहज मिळाली असती. परंतु शेवट्यासारखे मासे कोपऱ्यात अडकतात, तोंड आपटत राहतात आणि त्यांचे खवले जातात. गोल भांड्यात ते एका दिशेने फिरत राहतात. पिंप खाद्यपदार्थांचे, लोणच्याच्या कारखान्यातून आलेले, असेच घेतले. ज्या पिंपात कीटकनाशक, रसायन किंवा तेल होते ते कितीही धुतले तरी या कामाला घेऊ नये, कारण प्लास्टिक असे पदार्थ शोषून ठेवते आणि ते पुढे हळूहळू पाण्यात सोडत राहते.

पिंपाचा आतला व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर. त्यात ३० सेंटिमीटर पाणी ठेवले तर ते साधारण ७६ लिटर होते, म्हणजे खाऱ्या पाण्याचे वजन ७८ किलोच्या आसपास. एक धडधाकट माणूस होडीत अधिक बसविल्यासारखेच हे झाले. म्हणून टाकी इंजिनाजवळ न ठेवता मधल्या आडव्या फळीला टेकून ठेवायचे ठरले. पिछाडीला इंजिन, पेट्रोलची टाकी आणि होडी चालविणारा माणूस यांचा भार आधीच असतो आणि त्यात हीही भर पडली तर नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वर उचलली जाते.

येथपर्यंतची आखणी कागदावर नीट बसली. अडचण निघाली ती पाणी बाहेर काढण्याची. पंप पाणी वर चढवू शकतो, पण टाकीतून बाहेर जाणारे पाणी केवळ उताराने जाते. होडीचा काठ टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच होता. म्हणजे काठावरून नळी टाकून पाणी बाहेर जाणे शक्यच नव्हते. होडीच्या तळात पाणी सोडून ते दुसऱ्या पंपाने उपसावे, अशी सूचना कारागिराने केली. ती मान्य न करण्याचे कारण उघड आहे : तो दुसरा पंप बंद पडला तर होडी स्वतःच्याच टाकीने भरू लागेल.

मार्ग सापडला तो पिछाडीच्या फळीत. इंजिन बसविण्यासाठी ही फळी मधोमध खाली कापलेली असते. आखूड शाफ्टच्या इंजिनासाठी ती तळापासून सुमारे ३८ सेंटिमीटर, म्हणजे पंधरा इंच उंच ठेवतात. निचऱ्याची नळी इंजिनाच्या बाजूने या खाचेतून बाहेर काढता येत होती. मात्र मोजमाप केल्यावर दिसले की होडीतली पाटाची फळी तळापासून आठ सेंटिमीटर वर आहे आणि टाकीतील पाणी त्याच्यावर तीस सेंटिमीटर, म्हणजे एकूण अडतीसच. उतार शून्य. शेवटी टाकीखाली दहा सेंटिमीटर उंचीची लाकडी चौकट घेतली. त्यामुळे दोन मीटर लांबीच्या नळीला दहा सेंटिमीटरचा उतार मिळाला. टाकी जितकी खाली तितकी होडी स्थिर, आणि जितकी वर तितका निचरा चांगला. या दोहोंमध्ये दहा सेंटिमीटर ही तडजोड होती, आणि ती विचारपूर्वक स्वीकारली गेली.

पंप, वीज आणि जोडणी

पाणी आणण्यासाठी १२ व्होल्टचा, पाण्यात बुडवून ठेवायचा, ताशी ५०० गॅलनचा पंप घेतला. कागदावर हा प्रवाह ताशी सुमारे १९०० लिटर होतो; पाणी वर चढवताना तो बराच घटतो, पण तरीही या टाकीला पुरून उरतो. सुंगटांना एवढा जोर सोसत नाही. म्हणून वाटेत बॉल व्हॉल्व्ह बसवून प्रवाह कमी केला. पंप एका लाकडी पट्टीच्या टोकाला बांधून ती पट्टी दोन क्लँपनी पिछाडीच्या फळीला आवळली.

इंजिनाला स्वतःची बॅटरी नसल्याने पंपासाठी लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी स्वतंत्र डब्यात ठेवली. पंप दोन ते अडीच अँपिअर वीज घेतो. सहा तास सलग चालला तर बारा ते पंधरा अँपिअर-तास खर्च होतात. मोटारीची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी करत राहिले तर ती लवकर निकामी होते, त्यामुळे हा हिशेब मर्यादेत बसत असला तरी फार मोकळा नव्हता. बॅटरी आणि बटण पेट्रोलच्या टाकीपासून दूर, नाळेच्या बाजूला ठेवण्याचा आग्रह पुतण्याने धरला, आणि तो पूर्णपणे योग्य होता : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळात साचते, आणि बटणाची एक ठिणगी पुरेशी ठरते. धन टोकाजवळ पाच अँपिअरचा फ्यूज लावला.

हार्डवेअरच्या दुकानातून टाकीला लावायचे निपल पितळी आले होते. ते परत करून पीव्हीसीचे घेतले. पितळेतले तांबे खाऱ्या पाण्यात सुटते, आणि तांबे सुंगटांसारख्या कवचधारी जिवांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक असते.

पहिल्या चाचण्या

टाकी आधी अंगणात भरून पाहिली, मग होडीवर नेली. नांगरावर असताना दोन दोष एकामागून एक समोर आले.

पहिला दोष निचऱ्याच्या नळीचा. आत येणारी नळी १९ मिलिमीटरची होती म्हणून बाहेर जाणारी २५ मिलिमीटरची पुरेल असे गृहीत धरले होते. खारफुटीचे एक पान तोंडाशी चिकटले आणि पाणी टाकीच्या कडेपर्यंत चढले. दाबाने येणारे पाणी आणि नुसत्या उताराने जाणारे पाणी यांची तुलना व्यासावरून करता येत नाही. नळी ४० मिलिमीटरची केली आणि तोंडावर अनेक चिरा पाडलेला पाइपाचा तुकडा बसविला, म्हणजे एक पान सारी वाट अडवू शकणार नाही.

दुसरा दोष अधिक बोलका होता. बॅटरी वाचविण्यासाठी पंप थोडा वेळ चालू आणि थोडा वेळ बंद ठेवणारा टायमर जोडला होता. तासाभराने पुतण्याने झाकण उघडले आणि विचारले, “काका, पंप चालतोय, मग पाणी अर्ध्यावर कसं आलं?” टाकीत चार बोटे पाणी आणि तळाशी सुंगटांचा खच, असे दृश्य होते. पाणी गोल फिरावे म्हणून आत येणाऱ्या नळीचे टोक जवळजवळ तळापर्यंत नेले होते. पंप थांबला की तीच नळी उलट काम करी : टाकीतील पाणी नदीच्या पातळीपेक्षा वर असल्याने ते नळीतून आणि पंपातून परत नदीत ओढले जात होते, आणि पंप पुन्हा सुरू झाल्यावरही व्हॉल्व्ह आवळलेला असल्याने गेलेले सारे पाणी भरून निघत नव्हते. नळीचे टोक पाण्याच्या वर आणून त्याला भोके पाडलेली आडवी नळी जोडल्यावर हा प्रकार थांबला, आणि फवारा हवेतून पडू लागल्याने प्राणवायूही अधिक मिसळू लागला.

होडी चालत असताना पंपाचे तोंड पाण्याबाहेर येते आणि त्यात हवा अडकते, हे अपेक्षित होते. त्यावरची युक्ती पुतण्याची : जागा बदलताना पंप पट्टीवरून सोडवून सरळ टाकीत ठेवायचा, म्हणजे तेच पाणी फवाऱ्यातून फिरत राहते; नांगर टाकला की पंप पुन्हा नदीत. वेगळा पंप, वेगळी नळी काही लागले नाही. मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा बसतात तेव्हा टाकी सरकू नये म्हणून ती रॅचेटच्या पट्ट्याने आडव्या फळीला आवळली जाते. आत जुन्या जाळ्याचा एक तुकडा उभा टांगलेला असतो. त्याने पाण्याची उसळी मोडते आणि सुंगटांना धरून बसायला आधार मिळतो. सुंगटे आणि शेवटे मात्र एकाच टाकीत ठेवू नयेत, हे लवकरच कळले, कारण सतत फिरणारे मासे सुंगटांना कुठेच स्थिर बसू देत नाहीत.

पावसानंतरचा प्रसंग

उन्हाळ्यात व्यवस्थित चाललेली टाकी पावसाळ्यात घरी राहिली. यांत्रिक बोटींवरील मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते, आणि तशीही या दिवसांत ही होडी किनाऱ्यावर झापांच्या मांडवाखाली असते. ऑक्टोबरमध्ये एका जोरदार पावसानंतर होडीमालक प्रथमच बाहेर पडले, आणि पंप, फवारा, निचरा सारे सुरळीत असताना सुंगटे तासाभरात मरू लागली. पंपात बिघाड असावा असे समजून त्यांनी तो उघडण्यास घेतला. पुतण्याने टाकीतले पाणी जिभेला लावून पाहिले. ते जवळजवळ गोडे होते.

कारण नदीच्या रचनेत आहे. पावसाचे गोडे पाणी हलके असल्याने वरच्या थरातून समुद्राकडे जाते आणि खारे पाणी त्याच्या खाली राहते. पंप जेमतेम एक फूट खोल असतो, म्हणजे तो नेमका वरचा थर उपसत होता. सुंगटे खारेपणातला हळूहळू होणारा बदल चांगला सोसतात. मानशीच्या पाण्यातून काढलेली सुंगटे काही मिनिटांत वेगळ्याच पाण्यात पडली की ती सोसत नाहीत. सतत ताजे पाणी देणारी टाकी हा बदल रोखत नाही, उलट झपाट्याने घडवून आणते. तेव्हापासून अशा दिवशी टाकी मानशीच्याच पाण्याने भरली जाते, पंप आतच ठेवून तेच पाणी फिरवले जाते, आणि मुखाजवळ भरतीचे खारे पाणी आल्यावर थोडे थोडे करून बदलले जाते. पाणी तापू नये म्हणून झाकणावर ओले गोणपाट, आणि फारच ऊन असेल तर टाकीत बर्फाची बंद बाटली. बर्फ थेट पाण्यात टाकणे टाळले जाते, कारण तो नळाच्या पाण्याचा असेल तर त्यातला क्लोरीन टाकीत उतरतो.

निष्पत्ती

आता पहाटे घेतलेली सुंगटे दुपारची भरती संपेपर्यंत बहुतांशी टिकतात, आणि उरलेली परत नदीत सोडली जातात. चोणक अधिक मिळू लागला का, यावर मी मत देणार नाही. मासा लागणे भरती, ऋतू आणि पाण्याचा गढूळपणा यांवरही अवलंबून असते. आमिषावरचा खर्च मात्र स्पष्टपणे घटला. यातला मोठा वाटा टाकीचा नसून संख्येचा आहे, असे मला वाटते. पूर्वी निम्मी मरणार हे धरून दुप्पट सुंगटे घेतली जात. त्या गर्दीनेच ती अधिक मरत. होडीमालकांनी खरेदी निम्म्यावर आणली आणि त्या एका बदलाने टाकीतले पाणी जितके सुधारले तितके कोणत्याही उपकरणाने सुधारले नाही. ज्या जिवाला आपण गळाला लावणार आहोत तो तोवर तडफडत राहू नये, ही जबाबदारी आपली आहे, असे होडीमालक आता इतरांनाही आवर्जून सांगतात.

वेगळे काय करता आले असते

पिंप कापण्यापूर्वी पिछाडीच्या खाचेची उंची मोजली असती तर चौकट नंतर बनवावी लागली नसती. टाकीचा आकार निचऱ्याच्या उंचीवरून ठरवायला हवा होता, आणि येथे क्रम उलटा झाला. अंगणातली चाचणीही अपुरी होती. तेथे पंप बादलीत ठेवून सलग चालविला होता. तो टायमरवर, टाकीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवून चालविला असता तर पाणी उलट ओढले जाण्याचा दोष घरीच कळला असता. टायमर मुळात आवश्यक होता का, याबद्दलही दुमत आहे. पुतण्याच्या मते थोडी मोठी बॅटरी घेऊन पंप सलग चालविणे अधिक सुरक्षित ठरले असते. होडीमालकांना बॅटरीचे वजन वाढवायचे नव्हते.

शेजारच्या वाड्यावरील एका होडीवाल्याने हीच मापे मागून घेतली, तेव्हा त्याला ती जशीच्या तशी न वापरण्याचा सल्ला दिला गेला. त्याच्या होडीवर लांब शाफ्टचे इंजिन आहे आणि पिछाडीची खाच सुमारे ५१ सेंटिमीटर, म्हणजे वीस इंच उंच आहे. तिथे निचऱ्याला उतार मिळविण्यासाठी टाकी आणखी तेरा सेंटिमीटर उचलावी लागेल, आणि सुमारे ७८ किलो पाणी इतक्या उंचीवर घेऊन वाळूच्या पट्ट्यावरून होडी नेणे धोक्याचे आहे. त्याच्यासाठी सध्या अरुंद, अधिक उंच पण निम्म्या पाण्याच्या टाकीचा विचार चालू आहे.